पुण्यात एम.टेक. की अमेरिकेत एम.एस.?

धनकवडीत बी.ई. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीचा हा पेच. जाहिराती बाजूला ठेवून लिहितो.

प्रवेशासाठी इकडे पदवीला 50 टक्के (राखीव गटाला 45) आणि गेट ही देशपातळीवरची परीक्षा; तिचा स्कोअर 3 वर्षं चालतो. गेट नसेल तरी उरलेल्या जागांवर प्रवेश मिळतो, विद्यावेतन मात्र नाही. तिकडे टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता अनेक विद्यापीठांत ऐच्छिक आहे.

खरा फरक अभ्यासात आहे. आपल्याकडे 4 सत्रं, आणि दुसरं वर्ष जवळजवळ सगळं प्रबंधाचं. तो टळत नाही. तिकडे साधारण 30 क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक). प्रबंध करायचा की नुसते विषय घ्यायचे, हे बहुधा तुम्हीच ठरवता. पण जीपीए, म्हणजे सरासरी श्रेणीगुण, 3.0च्या खाली गेला की पदवी सहसा अडते. मार्गदर्शक चांगला असेल तर पुण्यातला प्रबंधही पीएच.डी.साठी भक्कम पाया ठरतो. म्हणून कॉलेजच्या नावाआधी मार्गदर्शकाचे शोधनिबंध वाचा, हे मी कळकळीने सांगतो.

खर्चाचं म्हणाल तर इकडे गेटवाल्यांना एआयसीटीईचे (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) महिना 12,400 रुपये विद्यावेतन, तिकडे बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज.

प्राध्यापकी किंवा संशोधन करायचं असेल, कर्ज नको असेल, तर पुण्यातल्या सीओईपी या तंत्र विद्यापीठासारखं ठिकाण धरा. अमेरिकेतच नोकरी करायची असेल आणि घराला कर्ज झेपणार असेल, तर एम.एस.