गोव्याच्या पावसात मेंढी लोकरीची की केसाची?

काजूच्या बागेतलं गवत खायला चार मेंढ्या सोडाव्यात असं सत्तरी, सांगे किंवा पेडण्यात कोणाच्या मनात आलं, की हाती लागते ती बहुधा दख्खनी. बेळगाव-कोल्हापूरकडच्या धनगरांकडे मिळते, चिवट असते, पायपीट सोसते. घाट उतरल्यावर मात्र तिच्या अंगावरची लोकर तिला आणि मालकाला, दोघांनाही जड होते. म्हणून लोकर न धरणाऱ्या, अंगावर नुसते आखूड केस असलेल्या जातींकडे वळावं का, हा प्रश्न रास्त आहे. माझं मत आधीच सांगतो: वळावं. पण लोकर गेली म्हणजे पावसाळ्याचा त्रास गेला, असं धरून वळू नये.

लोकरीच्या कमाईचा विषय लवकर संपतो. दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर साधारण अर्धा-पाऊण किलो, तीही जाडीभरडी, काळपट. घोंगडीखेरीज तिला फारसं गिऱ्हाईक नाही, आणि देशावरही आज कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशांतून सुटत नाही. गोव्यात दहा-वीस मेंढ्यांसाठी कातरणारा शोधायचा म्हणजे घाटावरून बोलवायचा, नाहीतर वर्षातून दोनदा आपणच कात्री घेऊन बसायचं. लोकर नारळाच्या आळ्यात टाकली तर सावकाश कुजून नत्र देते, ओलही धरते. तेवढ्यासाठी कोणी मेंढी पाळत नाही.

खरा फरक जूनपासून दिसतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. भिजलेली लोकर दिवसेंदिवस वाळत नाही. शेपटीखाली लेंड्या चिकटतात, हिरवी माशी तिथे अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत किडे पडतात. लोकरीखाली ते लवकर दिसत नाहीत. मेंढी कळप सोडून एकटी उभी राहिली की मग कळतं. केसाच्या मेंढीवरून पाणी निथळतं, जखम वरून दिसते, गोचीडही बोटाने काढता येते. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आलेत आणि तो पसरतो गोचिडीतून. त्यामुळे रानातून परतलेल्या जनावराचं अंग तपासता येणं ही इथे लहान गोष्ट नाही.

आता दुसरी बाजू. चिखलात खूर सडतात ते केसाच्या मेंढीचेही. रक्त पिणारे जंत ओल्या गवतावरून पोटात जातात, त्यांना वर लोकर आहे की केस याच्याशी देणंघेणं नाही. शेताच्या बांधावर, खाजणाच्या गोड्या पाण्याच्या कडेला गोगलगायी असल्या तर यकृतकृमीची भीती वेगळीच. यावर उपाय जातीत कमी आणि गोठ्यात जास्त: जमिनीपासून हात-दीड हात उंच, फळ्यांत फटी ठेवलेलं माचाण, लेंड्या खाली पडतील आणि खूर कोरडे राहतील असं. ज्याला माचाण बांधायचं नाही त्याने जात बदलण्यावर पैसे घालू नयेत. पाणथळीत टिकणारी मेंढी आपल्या देशात आहे, सुंदरबनची गॅरोल. पण ती दहा-पंधरा किलोंची. जुळी देते म्हणून फलटणला नारी सुवर्णा ही मेंढी तयार करताना तिचं रक्त वापरलं. मटणासाठी नुसती गॅरोल परवडेल असं मला वाटत नाही.

डॉर्पर, कटाहडिन, विल्टशायर हॉर्न ही परदेशी जातींची नावं मोबाईलवर पाहून भुललेले पुष्कळ भेटतात. या जाती हिवाळ्यात लोकर धरतात आणि वसंतात टाकतात. त्यांना ही खूण मिळते ती मुख्यतः दिवस मोठा होण्यातून. इंग्लंडात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जवळपास नऊ तासांचा फरक असतो, गोव्यात पावणेदोन तासांच्या आसपास. तिथला झडण्याचा क्रम इथे जसाच्या तसा चालेल असं मानायला आधार नाही. शिवाय बाहेरून जिवंत मेंढी आणायची तर केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि बाजारात ‘डॉर्पर’ म्हणून मिळतं ते बऱ्याचदा संकर असतं. संकराची पहिली पिढी अर्धवट झडते: पाठीवर लोकरीची चकती, पोट उघडं. ती लोकर धड खपतही नाही आणि कातरावी मात्र लागते.

आपल्याकडच्या केसाच्या जातींना मुळात झडायची गरजच नसते. आंध्रची नेल्लोर उंच आणि लांब पायांची, अंगावर लोकर जवळपास नाही, आणि किनाऱ्याची दमट हवा तिला नवी नाही. रायचूरकडची केंगुरी तपकिरी आणि काटक, पण कोरड्या मुलखातली. मंड्या, म्हणजे बन्नूरची, बुटकी आणि मांसाने भरलेली. शुद्ध मात्र मिळायला कठीण. जतची माडग्याळ दिसायला देखणी, तिच्या एडक्यांवर आटपाडीच्या बाजारात लाखांच्या बोली लागतात, आणि म्हणूनच मी ती सुचवत नाही. ती किंमत नाकाची आणि ठिपक्यांची आहे. मडगावचा खाटीक वजनाचे पैसे देईल. मला विचाराल तर नेल्लोर.

कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, असलेल्यांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. पोफळीवर फळं सडवणाऱ्या कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा चाळीसेक दिवसांनी बोर्डो मिश्रण मारतात. त्यात मोरचूद, म्हणजे तांबं. गायीला आणि शेळीला जेवढं तांबं पचतं तेवढं मेंढीला पचत नाही. ते यकृतात महिनोन्‌महिने साठत जातं आणि एक दिवस अचानक डोळे पिवळे, लघवी गडद लाल, मग जनावर हाती लागत नाही. फवारलेल्या पोफळीखालचं गवत मेंढीला देऊ नये आणि गायीची खनिज-भुकटीही देऊ नये. हा धोका लोकरीच्या आणि केसाच्या, दोन्ही मेंढ्यांना आहे. ज्याच्याकडे फक्त कुळागरच आहे, त्याने शेळीच पाळावी. काजूच्या बागेत मात्र उलट: शेळी कोवळी पालवी आणि साल कुरतडते, मेंढी बहुतेक गवतावर भागवते. मार्च-एप्रिलमध्ये खाली पडलेल्या बोंडूंचा ढीग तिच्यासमोर राहू देऊ नका, गोडाने पोट आंबतं.

घरी आधीच दख्खनी असेल तर सगळी विकून नवी आणण्यापेक्षा नुसता एडका बदलणं स्वस्त. पण मग मधल्या पिढ्यांची ती चकतीची लोकर सोसायची तयारी हवी. तिसऱ्या पिढीपर्यंत पोचायला पाचेक वर्षं जातात, आणि तोवर प्रत्येक पिढीतल्या जास्त केसाच्या माद्याच ठेवायच्या, बाकीच्या विकायच्या. नव्याने सुरू करणाऱ्याने सरळ केसाचीच आणावी. खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी, म्हणजे पुढच्या पावसाआधी सात-आठ महिने इथल्या चाऱ्याला रुळायला मिळतात. आल्यावर तीन आठवडे वेगळी ठेवून पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, आणि आंत्रविषार यांची लस पशुवैद्याकडून टोचून घ्यावी, खालची पापणी उलटून फिकी दिसली तर जंताचं औषध द्यावं. एडका माद्यांच्याच कळपातला घेऊ नये, दुसऱ्या गावचा घ्यावा.