मांझानिलो ऑलिव्हवर बोरॉनची फवारणी : सात महिन्यांनंतरचा अनुभव

उत्तर कॅलिफोर्नियात कॉर्निंगजवळ आमची मांझानिलो जातीची १४ ऑलिव्हची झाडं आहेत. मागचे दोन हंगाम मोहोर चांगला आला आणि जूनमध्ये फांद्या रिकाम्या. लहानपण देवगडच्या आंबाबागेत गेल्यामुळे आधी वाटलं, गळ असेल. पण ऑलिव्हचं गणित असं की भरगच्च मोहोरात शंभरातली एक-दोन फुलं धरली तरी पूर्ण पीक मिळतं. आमच्याकडे तेवढीही धरत नव्हती.

गेल्या जुलैत पानं तपासून घेतली. फळं धरायला लागणारं बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य १२ पीपीएम (दहा लाखांत १२ भाग) निघालं. इथे १४ च्या खाली कमतरता धरतात आणि १९ पासून पुढे पुरेसं.

म्हणून यंदा २० टक्के बोरॉनची पावडर (डायसोडियम ऑक्टाबोरेट) आणली आणि फुलं उमलायच्या साधारण तीन आठवडे आधी, कळ्या घट्ट हिरव्या असताना, लिटरला सव्वा ग्रॅम या प्रमाणात एकदाच फवारली. पावडर आधी कोमट पाण्यात विरघळवून घ्या. मी थेट पंपात टाकली आणि नोझल तुंबलं. तीन झाडं मुद्दाम कोरी ठेवली.

आंब्यासारखीच ऑलिव्हच्या मोहोरातही काही फुलं नुसती नर असतात, काही संयुक्त, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेली. फळ फक्त संयुक्त फुलाला. मेच्या पहिल्या आठवड्यात भिंग घेऊन बसलो. मधोमध हिरवा गोल अंडाशय दिसला की ते संयुक्त. फवारलेल्या झाडांवर अशी फुलं नजरेत भरण्याइतकी जास्त होती, आणि ते बघताना झालेला आनंद अजून आठवतो. जूनच्या मध्यावर खूण केलेल्या फांद्या मोजल्या: फवारलेल्या झाडांवर शंभर घोसांमागे २८ फळं, कोऱ्या झाडांवर १७. जुलैच्या तपासणीत फवारलेल्या झाडांच्या पानांत बोरॉन २१ वर आलं.

मात्र ऐन फुलोऱ्यात तीन दिवस कोरडा, तापलेला वारा सुटला, तिथे बोरॉनचा इलाज चालला नाही. पश्चिमेकडच्या झाडांवर, फवारणी होऊनही, बिनबियांची वाटाण्याएवढी फळं घोसाघोसाने लटकली, ती काही मोठी झाली नाहीत. उष्णतेत मांझानिलोचे पराग त्याच जातीच्या फुलावर नीट रुजत नाहीत, दुसऱ्या जातीचे लागतात. शेजाऱ्यांच्या सेव्हिलानो जातीच्या ऑलिव्हच्या बांधालगतची आमची दोन झाडं यंदा सगळ्यांत भरली, त्यातलं एक तर कोरंच होतं! परागण वाऱ्यावर होतं, त्यामुळे मधमाश्यांच्या पेट्यांवर खर्च करू नका. येत्या वसंतात पश्चिमेच्या दोन झाडांवर सेव्हिलानोची कलमं बांधणार आहे.

पान तपासल्याशिवाय ही पावडर कुणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. बोरॉन पुरेसं असेल तर पैसे वाया जातात, आणि जास्त झालं तर पानांची टोकं करपतात. शिवाय ऑलिव्ह वर्षाआड भरतं. यंदा भराचं वर्ष होतं, म्हणून पुढच्या वर्षीही तीच तीन झाडं कोरी ठेवून पुन्हा मोजणार आहे.