८३ पट झूमचा कॅमेरा आणि ८×४२ दुर्बीण: जांबोटीची झाडी ते धुपदाळचं पाणी, दहा महिन्यांचा वापर

जून ते मार्च असा हा वापर. कॅमेरा निकॉन कूलपिक्स पी९५०, सोबत मधल्या किमतीची ८×४२ दुर्बीण (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं). जागा दोन टोकांच्या. पश्चिमेला खानापूर तालुका, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा रस्ता. पूर्वेला गोकाकजवळचं धुपदाळ, म्हणजे घटप्रभेचं पक्षी अभयारण्य, आणि त्यापलीकडे सौंदत्ती-अथणीकडची जोंधळ्याची रानं.

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती लांबचं दिसतं?" बेळगाव जिल्ह्यात हा प्रश्न जवळजवळ बिनकामाचा आहे. पश्चिमेला पक्षी वीस मीटरवर असतो, पण उजेड नसतो. पूर्वेला उजेड भरपूर, पण ऊन चढलं की हवा उकळायला लागते. कॅमेऱ्याच्या पूर्ण झूमचा २००० मिलिमीटरचा आकडा दोन्हीकडे अडतो, कारणं मात्र वेगळी.

आधी आकडे. या कॅमेऱ्याची लेन्स मोठ्या, फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबाने २४ ते २००० मिलिमीटरच्या तोडीची, सेन्सर १/२.३ इंचाचा, म्हणजे मोबाइलच्या जातकुळीतला लहानसा, १६ मेगापिक्सेलचा. वजन एक किलोच्या आसपास. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तर भोक मोठं) रुंद टोकाला एफ/२.८, पूर्ण झूमवर एफ/६.५. या शेवटच्या दोन आकड्यांत सगळी मेख आहे. झूम संपेपर्यंत सेन्सरवर पडणारा उजेड साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. भर दुपारी तळ्यावर ते जाणवत नाही. जुलैत कणकुंबीच्या ओढ्याकाठी, वर पानांचं छप्पर आणि त्यावर ढग असताना, पाचवा हिस्सा म्हणजे अंधारच.

शीळकरी कस्तुराचंच घ्या. पक्षी काळानिळा, जागा ओढ्यातली ओली घळ, वेळ पहाटेची. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वर नेतो आणि फोटोत पिसांऐवजी निळसर चिखल दिसतो. इथे शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेऱ्याने) लावावी, १/६० ते १/१०० सेकंद ठेवावं, झूम ६०० ते १००० च्या मध्ये थांबवावा आणि आयएसओला १६०० ची मर्यादा घालावी. १००० च्या आसपास अ‍ॅपर्चर २००० पेक्षा मोठं मिळतं आणि हाताचा हादराही निम्म्यावर येतो. मग झाडाच्या बुंध्याला खांदा टेकवून बर्स्ट, म्हणजे एकामागोमाग फोटो, मारायचा. कॅमेऱ्यातली हादरा रोखणारी यंत्रणा खरोखर चांगली आहे, पण ती आपला हात सावरते, पक्ष्याची मान नाही. कस्तुर शीळ घालताना बराच वेळ एका दगडावर बसतो. तेवढ्यात दहा फ्रेम घेतल्या तर एखाददुसरी स्वच्छ निघते.

दहाच का? वेगवान बर्स्ट सेकंदाला ७ फ्रेमचा आहे आणि १० फ्रेमनंतर थांबतो. मग कार्डावर लिहून होईपर्यंत वाट बघायची, आणि नेमका तेव्हाच पक्षी उडतो. त्यामुळे बटण दाबून धरायची सवय मोडावी, दोन-तीन फ्रेमचे तुकडे घ्यावेत. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल घेण्याची सोय आहे आणि सावलीतल्या फोटोंना ती उपयोगी पडते. मात्र रॉ लिहायला वेळ लागतो, म्हणून बसलेल्या पक्ष्याला रॉ आणि हलत्याला जेपेग, एवढी विभागणी पुरते.

एक सल्ला सारखा ऐकायला मिळतो: "जास्त शार्प हवं तर अ‍ॅपर्चर बंद करा." मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला तो लागू पडतो, इथे उलटा पडतो. एवढ्या बारीक पिक्सेलवर प्रकाश वाकण्याचा परिणाम एफ/६.५ लाच सुरू झालेला असतो. एफ/८ वर नेलं की फोटो आणखी मऊ होतो आणि उजेडही जातो. अ‍ॅपर्चर कायम उघडंच ठेवावं.

फोकसची रड झाडीतच जास्त. हरियलांचा थवा उंबरावर बसलेला असतो आणि कॅमेरा पुढच्या फांदीला धरून बसतो. फोकसचा चौकोन सर्वांत लहान करून ठेवावा. तरी ऐकलं नाही तर त्याच अंतरावरच्या ठळक वस्तूवर, जाड खोडावर वगैरे, अर्धं बटण दाबून फोकस धरायचा आणि तसाच पक्ष्याकडे वळवायचा. मॅन्युअल फोकसमध्ये धारदार कडा रंगवून दाखवणारं पीकिंगही आहे, पण शांत बसलेल्या पक्ष्यापुरतंच. पूर्ण झूमवर ५ मीटरच्या आतलं काही फोकस होत नाही. सूर्यपक्षी अंगणातल्या जास्वंदीवर आला तर मागे सरकावं, नाहीतर झूम कमी करावा.

पूर्वेकडे गणित बदलतं. पूर्ण झूमवर १०० मीटरवरची चौकट साधारण पावणेदोन मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून थोडी उंच असते. कांड्या करकोचा सुमारे ९० सेंटिमीटर उंच. म्हणजे १०० मीटरवरचा करकोचा चौकटीची दोन तृतीयांश उंची भरतो. कागदावर हे फार छान दिसतं. धुपदाळच्या बंधाऱ्यामागे पाणी पसरलेलं असतं तिथे पक्षी १०० मीटरवर क्वचितच येऊ देतो. ३०० मीटरवर तो चौकटीच्या पाव उंचीपेक्षाही कमी उरतो आणि मधल्या तीनशे मीटरची तापलेली हवा लेन्सच्या पुढे डुलत असते. मान वाकडीतिकडी, पाय लाटेसारखे. लोक लेन्सला दोष देतात, ट्रायपॉड घेतात, शटर १/२००० करतात. काहीच फरक पडत नाही, कारण हलतंय ते मधलं हवेचं तावदान.

उपाय दोनच: वेळ आणि अंतर. सूर्य उगवल्यापासून पहिले दीड-दोन तास, किंवा ढगाळ दिवस. पंचाईत अशी की करकोचे सकाळी रानात चरायला जातात आणि ऊन चढल्यावर पाण्याकाठी विसाव्याला येतात, म्हणजे हवा बिघडते तेव्हाच. म्हणून करकोच्यांचा चांगला फोटो पाण्यावर नाही, तर सकाळी रानाकडे जाताना उडणाऱ्या रांगेचा मिळतो. त्याला ४०० ते ६०० मिलिमीटर पुरे, शटर १/१००० किंवा जास्त, आणि आभाळ उजळ असेल तर एक्स्पोजर +१ (फोटो एक पायरी उजळ), नाहीतर पक्षी नुसता काळा ठिपका होतो. बगळा किंवा चमचा पक्षी काळ्या पाण्यासमोर असेल तर उलट, −०.७ ते −१, म्हणजे पिसांचा पांढरा रंग जळत नाही. गाडीतून फोटो घेणार असाल तर इंजिन बंद करा आणि बॉनेटवरून नेम धरू नका. बॉनेटची गरम हवा तळ्यावरच्या हवेइतकीच फोटो बिघडवते.

माळावर हिवाळ्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात. इथे या कॅमेऱ्याचा खरा उपयोग कळतो आणि तो सुंदर फोटोचा नाही, पुराव्याचा आहे. माद्या आणि पिल्लं ओळखताना भल्याभल्यांचे वाद होतात. फिकट भोवत्याच्या मानेभोवती उजळ पट्टा आहे का, गालावरचा गडद डाग कुठपर्यंत जातो, पंखाखालच्या पट्ट्या कशा आहेत, हे दुर्बिणीतून दोन सेकंदांत टिपता येत नाही. थोडा मऊ फोटोही वाद मिटवतो. उडता पक्षी थेट २००० वर शोधायला जाऊ नये, आभाळाशिवाय काही सापडत नाही. २००-३०० वर पकडायचा, फोकस बसला की वाढवत न्यायचं. बाजूला झूम क्षणभर मागे घेणारं बटण आहे. दाबून धरलं की दृश्य रुंद होतं, सोडलं की आधीच्या झूमवर परत. पहिल्या महिन्यात हे बटण बोटाला लावून घ्या. बर्ड वॉचिंगचा तयार मोडही आहे. सुरुवातीला ठीक, पण झाडीत शटर आपल्या हातात हवं असतं, तिथे तो लवकर मागे पडतो.

आता दुर्बीण. खरं सांगायचं तर दोनपैकी एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्यावी. ८×४२ का, १०×४२ का नाही? ४२ ला ८ ने भागा, ५.२५ येतं. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. १०×४२ मध्ये ४.२. जांबोटीच्या झाडीत सकाळी सातला डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तिथे हा फरक रंगात दिसतो: नर्तकाची लांब शेपटी दोन्हीत दिसते, मागच्या सावलीत बसलेला कर्णा पक्षी आठाच्या दुर्बिणीत जास्त लवकर सापडतो. आठाचं दृश्य रुंद असतं आणि हातही कमी हलतो. धुपदाळला दहाची दुर्बीण बरी वाटते हे मान्य. पण जिल्हा पालथा घालायचा तर आठच.

नवीन माणूस डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी कडी) न लावता दुर्बीण वापरतो आणि तासाभरात डोकं धरून बसतो. आधी दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतरावर आणून एकच गोल दिसेल असं करा. उजवी लेन्स झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस घ्या, दूरच्या पाटीवरची अक्षरं उत्तम. मग डावी झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या नळीची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा, कारण घरात कुणीतरी ती फिरवतंच. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी खाली ढकलून ठेवायची, नसेल तर वर ओढायची.

दुर्बीण दुचाकीच्या डिकीत मोकळी टाकू नये. खानापूरकडच्या रस्त्यांची अवस्था सांगायला नको. आतले प्रिझम किंचित सरकले की दोन्ही नळ्या वेगवेगळीकडे बघू लागतात. तपासायची रीत सोपी: दोनशे-तीनशे मीटरवरच्या टॉवरच्या आडव्या पट्टीवर फोकस घ्या आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्या. पट्टीची दोन चित्रं वरखाली झाली तर सांधा हललाय. घरी उघडायच्या भानगडीत पडू नका, आतला नायट्रोजन गेला की पाणीरोधकपणाही गेला.

पावसाळा हा वेगळा अध्याय. कणकुंबीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. दुर्बीण पाणीरोधक आहे, कॅमेरा नाही. शिवाय कॅमेऱ्याची नळी झूम करताना आतबाहेर होते, म्हणजे भात्यासारखी हवा ओढते, आणि त्या हवेबरोबर घाटात दमट वाफ आणि माळावर काळ्या मातीची धूळ आत जाते. पावसात प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावावा आणि वर छत्री. नळीवर थेंब असताना झूम आत घेऊ नये, आधी टिपून घ्यावं. एसी गाडीतून एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, त्यामुळे पोहोचण्याआधी वीसेक मिनिटं काचा खाली करून पिशवीची चेन उघडी ठेवावी.

घरी आल्यावर दोन्ही वस्तू रबरी कडीच्या हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवाव्यात. आत छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांत राखायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, फक्त तो तवा भाकरीचा नको. चामडी किंवा कापडी पेटीत ठेवलेल्या लेन्सला बेळगावच्या पावसाळ्यात बुरशी धरते. महिन्यातून एकदा समोरून तिरका टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, कापडाने जाणारी नव्हे. काच पुसताना आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, शेवटी द्रव कापडावर घेऊन पुसायचं. शर्टाच्या टोकाने पुसलं की धुळीचे कण काचेवरच्या लेपावर ओरखडे काढतात.

बॅटरी कंपनीच्या मापाने २९० फोटोंची. व्ह्यूफाइंडर सतत उघडा आणि झूमची सारखी ये-जा असेल तर प्रत्यक्षात याहून कमी धरावी. दिवसभराला दोन लागतात. यूएसबीवरून चार्ज होते, त्यामुळे जेवणाच्या वेळी पॉवर बँक कामाला येते. दोन्ही वस्तू गळ्यात अडकवल्या तर दुपारपर्यंत मान जाते. दुर्बिणीला पाठीवर फुलीसारखा येणारा पट्टा आणि कॅमेऱ्याला तिरका खांदापट्टा, एवढ्याने भागतं.

परवानगीचं: भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. बाहेरच्या रस्त्यावरूनही पुष्कळ दिसतं. गार्डशी बोलताना धनेशाला 'मंगट्टे हक्की' म्हटलं की गप्पा लगेच रुळावर येतात. जानेवारी-फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर खाऊ आणतो. एवढा लांब झूम असताना ढोलीच्या झाडाखाली जाऊन उभं राहण्याला काही कारण उरत नाही. नर बिचकून परत गेला की आतली मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको. शहरात आणखी एक काळजी: कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या हद्दीजवळ आणि सांबऱ्याला हवाई दलाच्या कुंपणालगत ही लांबलचक नळी बाहेरच काढू नये. तांबट पक्षी बघत होतो हे पटवून देण्यात सकाळ जाते. धरणाच्या भिंतीजवळ मनाईची पाटी असेल तर तिथेही तेच.

शेवटची एक उणीव. आधीच्या पी९०० मध्ये जीपीएस होतं, या कॅमेऱ्यात नाही. फोटोला ठिकाण हवं तर ते फोनच्या अ‍ॅपवरून घ्यावं लागतं आणि जंगलात ती जोडणी सुटते. चोर्ल्याच्या रस्त्यावर कणकुंबी कर्नाटकात, उतार लागला की गोवा, आणि महाराष्ट्राची हद्दही तिथून लांब नाही. घरी आल्यावर नोंद टाकताना पक्षी सहज दुसऱ्या राज्यात जाऊन बसतो. म्हणून जागा बदलली की पक्ष्याआधी किलोमीटरच्या दगडाचा एक फोटो काढून ठेवावा. पुढच्या सगळ्या फ्रेम त्या दगडाच्या खाती जमा होतात.