आईच्या शुगरसाठी घेतलेलं हेल्थ अ‍ॅप
आईचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट) ६.२ आलं, म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी (५.७ ते ६.४), म्हणून हे अ‍ॅप घेतलं. मला सगळ्यात आवडलं ते हे की माणूस बघून सल्ला बदलतं. आधी सकाळी तळजाई टेकडीवर चालायला जा म्हणत होतं, गुडघे दुखतात असं टाकल्यावर जेवण झालं की सोसायटीतच दहा मिनिटं चाला असं सुरू केलं आणि ते आईला मस्त जमतंय, जेवणानंतर चाललं की स्नायू साखर वापरतात ना, मग शुगर एकदम चढत नाही. मेसेजही मराठीत येतात.
पण खाण्याच्या यादीत वरणफळं टाकली तर पास्ता दाखवतं, हे सुधाराच राव! आणि एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे पंधरा दिवसांत परत टेस्ट करत बसू नका.