धावण्यावरची पुस्तकं: एक अख्खा मोसम वापरल्यानंतर

धावण्यावरच्या पुस्तकांबद्दल ती वाचून झाल्या झाल्या लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या वाचनात सगळीच भारी वाटतात, अंगावर काटा येतो. आठ दिवसांनी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात छाती भरून येते, तेव्हा त्यातलं काय आठवतं ते खरं.

मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. पहाटे स्वतः धावते, संध्याकाळी मुलामुलींना धावायला घेते. त्यात शाळा सोडून गेलेली, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंही येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून ते साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे घाटातली 21 किलोमीटरची शर्यत, होऊन दिवाळी उलटेपर्यंत ही पुस्तकं माझ्या टेबलावर, सॅकमध्ये आणि पोरांच्या हातात फिरली. सगळी मी इंग्रजीतूनच वाचली.

सगळ्यात मळलेलं पुस्तक म्हणजे जॅक डॅनियल्स यांचं ‘डॅनियल्स रनिंग फॉर्म्युला’. पहिली आवृत्ती 1998ची. लेखक स्वतः मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतले ऑलिम्पिक पदकविजेते आणि नंतर नावाजलेले प्रशिक्षक. यात गोष्ट नाही, चरित्र नाही, बरीच पानं नुसत्या तक्त्यांची. एखाद्या अंतराची तुमची ताजी वेळ तक्त्यात शोधायची. तिथे एक आकडा मिळतो, त्याला ते व्हीडॉट म्हणतात. त्या आकड्यासमोर तुमचं रोजचं सावकाश धावणं किती वेगाचं हवं, दम लागेल असं धावणं किती, तुकड्या-तुकड्यांत जोरात धावणं किती, हे सगळं दिलेलं असतं.

आता यात आपल्याकडच्या मैदानाला उपयोगी पडणारी गंमत अशी की तक्त्यात मैलाचा रकाना आहे आणि मैल म्हणजे 1609 मीटर. भरतीतली मुलांची धाव 1600 मीटरची. फरक 9 मीटरचा, म्हणजे दोनेक सेकंदांचा. त्यामुळे पोरगा 1600 मीटर धावला की त्याची वेळ जवळजवळ तशीच तक्त्यात बघता येते. सहा मिनिटांत 1600 मारणारा पोरगा किलोमीटरला पावणेचार मिनिटांच्या वेगाने धावलेला असतो. पुस्तक त्याला रोजच्या धावण्यासाठी सांगतं साधारण साडेपाच मिनिटांचा वेग. हा आकडा ऐकून पोरं माझ्याकडे संशयाने बघतात. एकाने तोंडावर विचारलं, “मॅडम, असं पळून भरती हुतीय व्हय?”

त्याला उत्तर द्यायला मला दुसरं पुस्तक लागलं. मॅट फिट्झजेराल्ड यांचं ‘एटी-ट्वेंटी रनिंग’, 2014चं. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी वरच्या दर्जाच्या धावपटू, सायकलपटू, स्कीपटूंचा सराव तपासला. त्यांच्या सरावातला सुमारे 80 टक्के भाग अगदी हलका आणि उरलेला 20 टक्के कडक, असं त्यांना दिसलं. सगळं पुस्तक या एका मुद्द्याभोवती आहे. खरं सांगायचं तर हा मुद्दा चाळीस पानांत मावला असता. तोच तोच दाखला फिरून येतो आणि मैलांचे वेग किलोमीटरमध्ये करत बसावं लागतं. तरी मुद्दा सोन्यासारखा आहे. मैदानावर भरतीची पोरं रोज घड्याळ लावून जीव खाऊन धावतात. दोन-तीन आठवड्यांत नडगी धरते, मग महिनाभर बसून राहतात, मग परत तेच. या मोसमात मी एकच नियम लावला: आठवड्यातले दोन दिवस सोडून बाकी दिवशी शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, दम लागून बोलणं तुटलं की वेग कमी. सुरुवातीला कुरकुर झाली. गणपतीपर्यंत नडगीच्या तक्रारी कमी झाल्या होत्या आणि मोठ्या पोरांच्या वेळाही उतरल्या होत्या. ज्याने मला तो प्रश्न विचारला होता, तोच आता नव्या पोरांना “हळू पळ की” म्हणून ओरडतो.

ॲलेक्स हचिन्सन यांचं ‘एन्ड्युअर’ हे 2018चं पुस्तक मी दोनदा वाचलं. लेखक भौतिकशास्त्र शिकलेले आणि स्वतः धावपटू. दम संपतो म्हणजे नक्की काय संपतं, या एका प्रश्नावर ते थेट प्रयोगशाळांत जातात. ऑक्सिजन, उष्णता, तहान, इंधन, वेदना असा एकेक धागा घेतात आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाशी मेंदू उभा दिसतो. त्यांच्या तरुणपणीच्या एका 1500 मीटर शर्यतीचा प्रसंग मला फार कामाला आला. वेळ सांगणारा माणूस फेरीगणिक चुकीचे आकडे ओरडत होता. यांना वाटलं, आपण आज भलत्याच वेगात आहोत आणि तरी पाय हलके आहेत. त्या भरात ते धावले आणि जी वेळ त्यांना कित्येक दिवस चकवत होती, ती सहज मोडून पुढे गेले. मी वर्षानुवर्षं स्टॉपवॉच घेऊन कडेला उभी राहते. माझ्या तोंडातून निघणारा आकडा पोराच्या पायात उतरतो, हे मला या प्रसंगाने पक्कं शिकवलं. आता शेवटच्या फेरीत मी आकडा सांगत नाही, फक्त नाव घेऊन हाक मारते.

याच पुस्तकात साखरेच्या पाण्याने नुसती चूळ भरून ते थुंकून टाकल्यावरही सायकलपटू जास्त जोर लावू शकले, असा प्रयोग आहे. पोटात काही न जाता तोंडाकडून मेंदूला नुसता निरोप जातो. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे 2017 साली इटलीतल्या मोन्झाच्या ट्रॅकवर दोन तासांच्या आत मॅरेथॉन धावायला उतरला आणि 2:00:25 वर त्याची धाव संपली, त्याची हकीगत पुस्तकभर अधूनमधून येत राहते. पुढे 2019 मध्ये व्हिएन्नात त्याने 1:59:40 ची वेळ दिली, हे आज माहीत असूनही मोन्झाची प्रकरणं वाचताना श्वास अडकतो. इंग्रजी मात्र सोपं नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना सलग वाचायला देऊ नका, प्रकरण निवडून द्या.

आता ज्या पुस्तकाने मला अक्षरशः झोपू दिलं नाही, त्याकडे येते. रिचर्ड ॲस्क्विथ यांनी लिहिलेलं चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याचं चरित्र, ‘टुडे वुई डाय अ लिटल’. 1952च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये झाटोपेकने 5000 मीटर, 10000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. सातारकरांसाठी या पुस्तकाला आणखी एक दार आहे. त्याच हेलसिंकीत, त्याच जुलै महिन्यात, आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचीही पोरं पुढे सरकली. खाशाबांचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं, पण ते ज्या गावात उतरले तिथे त्या आठवड्यात आणखी काय चाललं होतं, हे कोणी त्यांना दाखवलं नव्हतं.

झाटोपेक बाटाच्या कारखान्यातला कामगार. कारखान्याच्या शर्यतीत त्याला मनाविरुद्ध उतरवलं होतं. नंतर सैन्यात गेला, जड बूट घालून जंगलात धावला, 400 मीटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. पण पुस्तकाचं मोठेपण पदकं संपल्यावर सुरू होतं. 1968 साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा तो विरोधात बोलला. त्याची शिक्षा म्हणून हुद्दा गेला आणि वर्षानुवर्षं घरापासून लांब मजुरीची कामं वाट्याला आली. पुढे दबावाखाली तो मागेही हटला. लेखक ते लपवत नाही आणि त्याला देवही करत नाही. खेळाडूचं चरित्र असं लिहावं. मधली काही प्रकरणं राजकारणाच्या तपशिलाने जड झाली आहेत, तिथे दम धरा.

क्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ बहुतेकांना माहीत असतं. मेक्सिकोतल्या खोल दऱ्यांत राहणारे रारामुरी लोक टायरच्या रबरी चपला घालून मैलोन्‌मैल धावतात, त्यांची ही गोष्ट. वाचायला याच्याइतकं वेगवान दुसरं नाही आणि पोरांनी सर्वांत आधी पळवलं ते हेच. पण हे वाचून उद्यापासून बूट सोडू नका. पातळ तळव्याच्या बुटांवर एकदम उडी मारली की पावलाच्या हाडांवर ताण येतो. माण-खटावकडची, लहानपणापासून अनवाणी वाढलेली मुलं आणि डांबरी रस्त्यावर चाळिशीत धावायला लागलेला माणूस, यांचे पाय एक नव्हेत.

हारुकी मुराकामी यांचं धावण्यावरचं छोटं पुस्तक मात्र हळूहळू मुरलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे काही घडतच नाही असं वाटलं. जपानी कादंबरीकार माणूस, तेहतिशीत धावायला लागला, रोज धावतो, लिहितो, वय वाढतं, वेळ वाढत जाते, बस. पावसाळ्यात, घाटात धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नाही अशा दिवसांत, मी ते पुन्हा उघडलं. 1996 मध्ये होक्काइदोतल्या सारोमा तलावाकाठी ते 100 किलोमीटर धावले आणि त्यानंतर बराच काळ धावण्याची ओढच विझली, हे प्रकरण मोठी शर्यत संपल्यावर जरूर वाचा. शर्यतीनंतर येणारं ते रितेपण मला दरवर्षी गाठतं. ते इतक्या शांतपणे लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही.

आधारानंद फिन यांचं ‘रनिंग विथ द केनियन्स’ सुट्टीतल्या प्रवासात वाचून होतं. लेखक बायकामुलांसह सहा महिने केनियातल्या इटेनला जाऊन राहतो. इटेन 2400 मीटर उंचीवर, आपलं सातारा साधारण 700. केनियन धावपटूंचं गुपित शोधायला जातो आणि एकच एक गुपित काही हाती लागत नाही. गटाने धावणं, लवकर झोपणं आणि सावकाश दिवशी खरंच सावकाश धावणं, हे तिथेही दिसतं.

पण कुणी मला एकच पुस्तक शाळेत ठेवायला सांगितलं, तर मी लॉरेन फ्लेशमन यांचं ‘गुड फॉर अ गर्ल’ ठेवीन. 2023चं. लेखिका अमेरिकेतली नामवंत 5000 मीटर धावपटू, नंतर प्रशिक्षक. तिचं म्हणणं सरळ आहे: सरावाची सगळी घडी मुलग्यांच्या शरीरावरून बसवली आणि मुलींना त्यात कोंबलं. मुलगे वयात येताना वेगवान होत जातात. मुलींचं शरीर त्या वयात बदलतं, वेळ काही काळ थांबते किंवा मागे जाते. ते नैसर्गिक आहे, पुढे वाढ परत सुरू होते. पण त्या दोन-तीन वर्षांत कोणीतरी म्हणतं, वजन कमी कर. मुलगी खाणं कमी करते, पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात, बारीक तडे जातात आणि खेळ सुटतो.

हे सगळं मी मैदानावर बघितलं आहे. सातवीत सगळ्यांच्या पुढे असणारी मुलगी नववीत मागे पडते. घरचे म्हणतात आता पुरे, मुलगीही मान खाली घालते. या मोसमात मी पालकसभेत आयांना वेगळं बसवलं आणि या पुस्तकातली दोन प्रकरणं मराठीत सांगितली. पाळी चुकणं हे जोरात सराव केल्याचं लक्षण मानू नका, पोटाला पुरेसं जात नसल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरला दाखवा, असं स्पष्ट बोलले. सभा संपल्यावर एक आई थांबली आणि म्हणाली, “मॅडम, आमच्या हिची चार महिने झाली आली न्हाई. आमाला वाटलं, पळती म्हणून आसंल.” तपासात रक्त कमी निघालं. आता ती मुलगी डब्यात शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि उसळ आणते, आणि मैदानावर परत आली आहे. पुस्तकात अमेरिकन कॉलेज आणि बूट कंपन्यांच्या करारांबद्दल बरंच आहे, ते आपल्या मुलींना लांबचं वाटतं. ते चाळून पुढे गेलात तरी चालेल.

एक उणीव मात्र सगळ्यांतच जाणवली. उताराबद्दल मला हवं तितकं कुठेच मिळालं नाही. आपली शर्यत अर्धी यवतेश्वर चढायची आणि तोच घाट उतरून परत यायची. चढाला दम जातो, उताराला मांड्या जातात, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. दुखणं तिथल्या तिथे कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. आधी काही आठवडे थोडा थोडा उतार धावून घेतला तर स्नायू सरावतो. आमच्या गटाने अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर हेच केलं.

दुसरी उणीव मला जास्त सलते. या सगळ्या पुस्तकांत केनिया आहे, जपान आहे, मेक्सिको आहे. माणमधल्या मोहीची ललिता बाबर नाही. 2015 मध्ये आशियाई विजेतेपद, 2016च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत 9:19.76 असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, आणि अंतिम फेरीत दहावी. पी. टी. उषा 1984 साली ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी धावली होती, त्यानंतर इतक्या वर्षांनी तिथे पोहोचलेली भारतीय मुलगी आपल्या दुष्काळी तालुक्यातली. तिच्यावर बातम्या भरपूर वाचल्या, पण झाटोपेकसारखं सविस्तर, खाचाखोचांसह लिहिलेलं मराठी चरित्र अजून माझ्या हाती लागलेलं नाही. पाण्यातल्या अडथळ्यावरून उडी मारायला ती शिकली कुठे? घरी काय खायची? वयात येताना तिला कोणी काय सांगितलं? धाव थांबली तेव्हा काय वाटलं? माझ्या मुली हे प्रश्न मला विचारतात. कोणी असं पुस्तक लिहायला घेतलं असेल, तर आमच्या शाळेच्या दहा प्रती आत्ताच धरा.