पंडिता रमाबाई मुक्ती मिशन, केडगाव : पोरक्या मुलींचे हक्काचे घर

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावची ही संस्था मला मनापासून आवडली, कारण येथे अनाथ मुलीला नुसता आसरा देण्यावर न थांबता शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करण्याची परंपरा आहे. १८७०च्या दशकातील दुष्काळात किशोरवयातच आईवडील गमावलेल्या रमाबाईंनी ती उभारली. पोरकेपण त्यांनी स्वतः सोसले होते, आणि संस्थेच्या कामाचे मर्म मला त्यातच दिसते. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर येथील स्त्रियांनी आणि मुलींनी छपाईचे खिळे (धातूची अक्षरे) जुळवून छापले, हे तर विशेषच. प्रार्थनेपूर्वी धाकटीची वेणी घालून देणारी थोरली मुलगी पाहिली की ख्रिस्ती मंडळीतील आपलेपणा वेगळा सांगावा लागत नाही. भेटीला जाताना कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी, म्हणजे मुलींच्या अभ्यासात व्यत्यय येणार नाही.