खरबरीत इम्प्लांट बसवून ११ महिने झाले, माझा अनुभव

खालची दाढ काढली, त्या जागी टायटॅनियमचं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसणारं कृत्रिम मूळ, बसवलंय. एसएलए सरफेसवालं, म्हणजे आधी बारीक कणांचा जोरात मारा करून आणि मग ॲसिडमध्ये बुडवून मुद्दाम खरबरीत केलेलं. आता ११ महिने झाले, त्या बाजूने बिनधास्त चावतोय, त्यामुळे रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते पुढे येईलच.

इम्प्लांट घेताना आपण कंपनी विचारतो, वॉरंटी विचारतो, मीही तेच विचारत बसलो होतो. सरफेस कसलाय हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं, ते नंतर रात्री जागून वाचलं. हे सगळं सुरू झालं स्वीडनचे संशोधक डॉक्टर ब्रोनेमार्क यांच्यापासून, १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात आतलं रक्ताभिसरण बघायला बसवलेला टायटॅनियमचा छोटा चेंबर काढायला गेले तर निघेचना, हाड त्याला धरून बसलेलं. १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला त्यांनी जे इम्प्लांट बसवले ते नुसते मशीनवर कातलेले, आजच्या मानाने गुळगुळीतच, आणि ते टिकलेही बरं का, फक्त वर दात बसवायला ३ ते ६ महिने थांबायला लागायचं.

मग खरबरीत करून मिळतं काय? गिलावा करण्याआधी काँक्रीटला टाचे मारतात तसंच असेल, हाड खाचांत जाऊन अडकत असेल असं मला वाटायचं. ते आहेच, पण अर्धंच आहे. खरी गंमत पहिल्या दिवशीच्या रक्तात. इम्प्लांटसाठी हाडात पाडलेल्या भोकात साचलेलं रक्त गोठतं, त्यातले फायब्रिनचे धागे खरबरीत पृष्ठभागाला पक्के धरतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशी त्या धाग्यांवरून चालत थेट टायटॅनियमपर्यंत येऊन तिथूनच हाड घालायला लागतात. गुळगुळीत असेल तर गुठळी आकसताना धागे सुटून येतात, मग हाडाला फक्त भोकाच्या भिंतीकडून हळूहळू सरकत यावं लागतं. इकडे दोन्ही बाजूंनी काम चालतं म्हणून वेळ वाचतो.

माझ्या डेंटिस्टने इम्प्लांटवर छोटा पेग लावून मशीनने स्थिरता मोजली, त्या आकड्याला आयएसक्यू म्हणतात, १०० पैकी असतो आणि ७० च्या वर म्हणजे चांगला. बसवलं त्या दिवशी ७४ आला, मी खूश, आणि चौथ्या आठवड्यात ६७!! रात्रभर झोप नाही. पण हे असंच होतं म्हणे, सुरुवातीची पकड जुन्या हाडाने आवळून धरल्याची असते, शरीर ते दाबलेलं हाड काढायला घेतं आणि नवीन अजून पुरेसं आलेलं नसतं, म्हणून मध्ये एक खड्डा पडतो. आठव्या आठवड्यात ७८ आला, मग कॅप बसली. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर इतका घाबरलो नसतो.

मला अजून एक महागडा ऑप्शन दाखवला होता, सरफेस तोच पण सलाईनमध्ये बुडवून सीलबंद येणारा. टायटॅनियम नुसतं हवेत राहिलं तरी त्यावर कार्बनचा थर चढतो आणि मग रक्त त्यावर पसरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन राहतं, म्हणून तो ओलाच ठेवतात. साध्या एसएलएला ६ ते ८ आठवडे धरतात, याला ३-४. मी नाही घेतला. खालच्या जबड्याचं हाड घट्ट असतं, सिगारेट नाही, शुगर नाही, महिनाभर आधी चावता यावं म्हणून कशाला जास्त पैसे. वरच्या जबड्याची मागची जागा असती, जिथे हाड ठिसूळ असतं, तर मात्र घेतला असता.

आणि जितकं खरबरीत तितकं चांगलं असंही नाही हं. साधारण १ ते २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खरबरीतपणा बरा मानतात, केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्या मानाने हे फारच बारीक. पूर्वी प्लाझ्मा स्प्रेने टायटॅनियमचा थर देऊन याहून खूप खरबरीत इम्प्लांट करायचे, हिरडी खाली सरकून तो भाग उघडा पडला की त्यावर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, असा बसायचा की साफच होईना. माझ्या इम्प्लांटची मान, म्हणजे हिरडीतला भाग, गुळगुळीत ठेवलीय, ते डिझाइन मला सगळ्यात आवडलं.

आता कापलेला स्टार. ब्रोशरमध्ये सरफेसचे मायक्रोस्कोपखालचे चंद्रासारखे फोटो पानभर, पण खरबरीतपणाचा आकडा कुठेच नाही. मेल केला तर उत्तरात परत तेच ब्रोशर. वरून सेल्सवाला म्हणे या सरफेसमुळे आयुष्यभर बघायला नको. अहो, सरफेस हाड लवकर धरून देतो, नंतर दात घासायला येत नाही. रोज दातांच्या फटीतला छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवायला लागतोच, मला तर सुरुवातीला हिरडीतून रक्तही आलं होतं कारण मी आळस केला.

एक काम नक्की करा, इम्प्लांटच्या बॉक्सवरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या. मी फाईलला चिकटवून ठेवलंय. उद्या कॅप धरून ठेवणारा वरचा स्क्रू सैल झाला आणि दुसऱ्या डेंटिस्टकडे जायची वेळ आली तर तो आधी हेच विचारणार, कोणतं मॉडेल आहे.